लॅबची लाळ आणि लसीचं कार्ड

सोमवारी सकाळी उठलो तर गोट्याच्या अंगाखालची चादर पिळून घ्यावी इतकी ओली. ३८ किलोचा लॅब्राडोर, लाळ तशी रोजचीच. ताटं वाजली की धार सुरू. पण ही चिकट, दोरीसारखी लोंबणारी. सोबत सारखे ओठ चाटणं, फरशी चाटणं, मध्येच पंजानं तोंड ओरबाडणं. त्याच्या खाण्याकडे, पेडिग्रीकडे, नुसता बघत बसला.

साडेनऊला दवाखान्यात. काउंटरवरच्या बाई लाळ बघूनच मागे सरकल्या. "रेबीजची लस? कार्ड दाखवा." कार्ड घरी कपाटात. बायकोनं फोटो पाठवला. "फोटो चालत नाही, ओरिजिनल लागेल." अहो, लस इथंच दिलीय, तुमच्या रजिस्टरमध्ये बघा की! तर जुनं रजिस्टर माळ्यावर, आणि माळ्यावर चढणारा मुलगा रजेवर. मग आम्ही दोघं बाहेर पत्र्याच्या शेडखाली. आमच्यामागून आलेले दोन पग, एक मांजर आणि एक बोकड आत जाऊन आले. बोकडसुद्धा! बाकावरच्या काकांनी तेवढ्यात विषबाधेचं निदान करून टाकलं. माझा डावा बूट लाळेनं भरला. बायको मीटिंग उरकून कार्ड घेऊन आली तेव्हा बारा वाजले होते.

कार्ड मागणं चूक नव्हतं, एवढं रागातही कबूल. रेबीजमध्ये कुत्र्याला गिळता येत नाही, म्हणून लाळ गळते, आणि रोग पसरतो तो त्या लाळेतूनच. त्यामुळे घरी तोंडात हात घालू नका. मी घातला होता, त्याबद्दल डॉक्टरांनी चांगलंच झापलं.

आत गेल्यावर गुंगीचं इंजेक्शन, टॉर्च, आणि टाळ्यावर वरच्या दाढांच्या मध्ये मटणाच्या बरगडीचा तुकडा, आडवा, पाचर ठोकल्यासारखा. चिमट्यानं खट्‌कन निघाला. डॉक्टर म्हणाले, मळमळ, सडलेली दाढ, पावसाळ्यात तोंडात धरलेला बेडूक, यांनीही अशीच लाळ सुटते.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: लाळेसोबत पोट ढोलासारखं फुगलं असेल, ओकारी काढतोय पण काहीच पडत नसेल, तर रांग न् कार्ड गेलं खड्ड्यात, ओरडून आत घुसा. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांच्या जठराला पीळ पडतो आणि काही तासांत जीव जातो.

कार्ड आता गाडीतच असतं. रविवारच्या रश्श्यातली बरगडी गोट्याला कोणी घातली, यावर आई अजून गप्प आहे.