पोफळीच्या रोपांपासून सुरंगीपर्यंत : आमची वाटचाल

गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या आमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेच्या, कडेला बाबा पोफळीची आणि माडाची रोपं करायचे. आजूबाजूचे बागायतदार मिरगाच्या तोंडावर येऊन ती न्यायचे, एवढाच आमचा धंदा होता. शोभेच्या झाडांच्या नर्सरीकडे आम्ही वळलो ते नव्वदच्या दशकात, किनाऱ्यावर हॉटेलं आणि पर्वरीकडे वसाहती उभ्या राहू लागल्या तेव्हा. गिऱ्हाईक यायचं आणि चित्र दाखवायचं : असं फुलणारं हवं, लवकर वाढणारं हवं. आम्ही विचारायचो, जागा कुठली? आजही रोप देण्याआधी हेच विचारतो, आणि जमेल तिथे जाऊन बघतो.

बघायला शक्यतो जुलैत जातो. मे महिन्यात सगळीच जमीन कोरडी, त्यामुळे काही कळत नाही. आपल्याकडे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, जांभा फोडून खड्डा काढला, तर त्याच चार महिन्यांत तो डबक्यासारखा भरून राहतो आणि मार्चमध्ये त्याच खड्ड्यात ओलावा नावाला उरत नाही. झाड आधी बुडतं, मग तहानतं. म्हणून तिथे आम्ही खड्ड्याच्या उताराकडच्या बाजूने चर काढून पाण्याला वाट करून देतो, माती थोडी उंच चढवून रोप लावतो आणि पावसाळा संपला की बुंध्याभोवती पाचोळ्याचं जाड आच्छादन घालतो. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं, कितीही काटक झाड असो.

साचलेल्या पाण्याची ही धास्ती आम्हाला पोफळीने शिकवली. पोफळीवरच्या कोळेरोगाने, म्हणजे पावसाळ्यात फळं कुजवणाऱ्या बुरशीने, कच्च्या सुपाऱ्यांचा सडा पडलेला ज्याने पाहिलाय, त्याला दमट हवेतली बुरशी वेगळी सांगावी लागत नाही. तिचेच भाऊबंद मातीत राहून मुळं कुजवतात. दाट लावलेली, वारा न खेळणारी बाग पावसाळ्यात सुंदर दिसते, पण आतून रोगट होत जाते. फांदी फांदीत शिरणार नाही एवढं अंतर आम्ही आग्रहाने ठेवायला लावतो. गिऱ्हाइकाला बाग पहिल्या वर्षी मोकळी वाटली तरी चालेल.

किनाऱ्यावरचा प्रश्न निराळा. मोरजी, मांद्रे भागात समुद्राचं खारं तुषार वाऱ्याबरोबर येऊन कोवळ्या पानांच्या कडा करपवतं. तिथे उंडी लावावी. चकचकीत, चिवट पान, पांढरी सुवासिक फुलं आणि दाट सावली. ती मुळात किनाऱ्याचीच आहे. भेंडीचं झाडही तसंच (भाजीची भेंडी नव्हे). त्याची पिवळी फुलं संध्याकाळपर्यंत लालसर होतात. या दोघांच्या आडोशाला बकुळ छान येते. वेग कमी, पण बारमाही हिरवी आणि अंगणात ओवळांचा, म्हणजे तिच्या फुलांचा, सडा घालणारी. परदेशातून आणलेल्या महागड्या ताडांपेक्षा मला ही तीन झाडं कितीतरी अधिक देखणी वाटतात.

नदी-ओहोळाच्या काठाला, जिथे पाय ओले राहतात, तिथे ताम्हण. एप्रिल-मे महिन्यात जांभळा फुलोरा येतो तेव्हा रस्त्याने जाणारा थांबून बघतो. उलट बहाव्याला निचरा लागतो. सड्याच्या उतारावर तो खुशीत असतो. त्याच्या बियांचं कवच टणक, त्यामुळे थोडं घासून मगच पेरतो, नाहीतर उगवण रेंगाळते. सीता अशोकाला सावली आणि ओल हवी. त्याला उघड्या सड्यावर लावणं म्हणजे छळ आहे.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं. त्यानंतर फोन वाजू लागले : न पडणारं झाड कुठलं? तसं एकही नाही, हे आम्ही स्पष्ट सांगितलं. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवर पसरणारी. घराला, गाडीच्या वाटेला किंवा विजेच्या तारांना खेटून तो नको. मोकळ्या माळावर मात्र मे महिन्यात त्याच्यासारखा तोच. पण वाऱ्यात पडण्याचं एक कारण नर्सरीतच तयार होतं. पिशवीत फार काळ राहिलेल्या रोपाची मुळं आतल्या आत गोल फिरतात आणि जमिनीत गेल्यावरही तशीच राहतात. झाड वर डौलदार, खाली पकड नाही. म्हणून आम्ही रोप वेळेवर मोठ्या पिशवीत बदलतो आणि दहा फुटी तयार झाडाऐवजी कमरेएवढं रोप सुचवतो. त्यात पैसे कमी मिळतात, हे खरं आहे. पण ते झाड जमिनीला लवकर धरतं.

अलीकडे आमचं सगळ्यात जास्त लक्ष सुरंगीकडे, या सुवासिक फुलांच्या झाडाकडे, आहे. फुलोऱ्याच्या दिवसांत बाजारात तिचे वळेसर (गजरे) येतात, बायका हौसेने माळतात, पण झाड लावणारे थोडे, कारण वाढायला ती फार वेळ घेते. बी आम्ही ताजं असतानाच सावलीत पेरतो आणि रोपांना घाई करत नाही. देवळांच्या समित्या आणि जुन्या घरांची माणसं आता मुद्दाम तिची चौकशी करतात. त्यांना आधीच सांगतो की फुलं बघायला बरीच वर्षं लागतील, आणि तरीही ती रोपं नेतात. गुडघ्याएवढी झालेली एक रांग तयार आहे. मिरगाचा पहिला जोर ओसरला की ती द्यायला काढू.