स्विफ्टचे ब्रेक, पंधरा हजारांत: आतापर्यंतचं काम

गाडी २००७ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, १.३ पेट्रोल. पुढे व्हेंटिलेटेड (आतून हवा खेळणाऱ्या) डिस्क, मागे ड्रम, एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. बजेट पंधरा हजार आणि त्यात टायर धरलेले नाहीत. काम मुलुंडला आमच्या सोसायटीच्या आवारात, सेक्रेटरींना विचारून, रविवारी सकाळी जमेल तसं चाललंय. पॅडल दबवायला भाचा येतो. त्याला या कामाची खरीच गोडी लागली आहे.

तक्रारी तीन होत्या. पॅडल मऊ. ८० च्या वर ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरायचं. आणि जोरात दाबलं की गाडी डावीकडे ओढायची.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोठ्या गाडीचे पुढचे कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून पॅडने चिमटणारा भाग), डिस्क, ब्रॅकेट असा अख्खा सेट बजेटात मिळत होता. लाल रंग दिलेला, दिसायला फार सुंदर. तो का घेतला नाही, हे सविस्तर लिहितो, कारण जुन्या गाडीवर काम करणाऱ्या प्रत्येकासमोर हा सेट कधी ना कधी येतोच.

काहीही खोलण्याआधी महापे एमआयडीसीत रविवारी पहाटे, मागेपुढे कोणी नाही बघून, ६० च्या वेगावर ब्रेक पूर्ण दाबून पाहिला. पुढची चाकं लॉक झाली, म्हणजे फिरायची थांबून घसरू लागली. अशा खराब अवस्थेतही ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा जास्त होती, हे तिथेच कळलं. थांबण्याचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दोन गुणिले घर्षणांक गुणिले गुरुत्वत्वरण. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला तर ८० वरून साधारण ३२ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर तो ०.५ वर आला की ५० मीटर. या हिशेबात डिस्कचा व्यास कुठेच येत नाही. चाक लॉक करण्याइतकी ताकद असेल तर एका थांब्याचं अंतर टायर ठरवतो.

मोठी डिस्क काही देतच नाही असं नाही. ती उष्णता जास्त पोटात घेते आणि लवकर थंड होते, त्यामुळे एकामागून एक दहा वेळा जोरात थांबायचं असेल तर तिचा उपयोग आहे. पण तिच्यासोबत कॅलिपरमध्ये मोठा पिस्टन (ऑइलच्या दाबाने पॅडला डिस्कवर ढकलणारा दट्ट्या) येतो. समजा ४८ मिमीच्या जागी ५४ मिमीचा आला. क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे तेवढंच जास्त ऑइल मास्टर सिलिंडरने (पॅडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या पंपाने) ढकलायला हवं. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर पॅडल खोल जातं. शिवाय पुढची ताकद वाढली आणि मागची तेवढीच राहिली की पुढची चाकं आणखी लवकर लॉक होणार, मागच्यांचा वाटा वायाच जाणार. कंपनीने पुढच्या-मागच्या ब्रेकचं जे प्रमाण बसवलेलं असतं ते भंगारातल्या एका सेटसाठी मोडायचं नाही, असं ठरवलं. पंधरा हजारांत कंपनीने दिलेला ब्रेक पुन्हा पूर्ण जिवंत करायचा, आणि जिथे शक्य आहे तिथे एक पायरी वर न्यायचा.

सुरुवात कॅलिपरपासून. गाडी जॅकवर चढवून लगेच घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) बसवली. नुसत्या जॅकवर चाक काढून खाली हात घालायचा नाही, यात तडजोड नाही. उजव्या कॅलिपरची खालची स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो ती) गंजून घट्ट बसली होती. बाहेरचा पॅड जेमतेम डिस्कला लागत होता. तो जाड राहिला होता आणि आतला झिजून पत्र्याच्या जवळ आला होता. गाडी डावीकडे का ओढते, याचं उत्तर मिळालं. उजवा ब्रेक अर्धाच काम करत होता.

मुंबईत हे फार होतं आणि त्याला कारण आहे. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, आणि शहरात आपण पॅडल हलकंच दाबतो, त्यामुळे पिन पूर्ण सरकतच नाही. रबराच्या बुटाला बारीक चीर गेली की आत पाणी शिरतं आणि पिन तिथेच चिकटते. दोन्ही बाजूंच्या पिना पॉलिश पेपरने घासल्या, एक खड्डे पडलेली होती ती बदलली, नवे बूट लावले आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस भरलं. बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही. पेट्रोलियमने हे रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

पिस्टन बाहेर काढून सील किटही टाकलं. कॅलिपरमधलं चौकोनी काटछेदाचं सील फक्त ऑइल अडवत नाही. पॅडल सोडलं की तेच पिळवटलेलं सील सरळ होताना पिस्टनला किंचित मागे खेचतं. जुनं सील कडक झालं की पिस्टन मागे येत नाही, पॅड डिस्कला घासत राहतो, चाक गरम होतं आणि मायलेजही खातं. किट काही शे रुपयांचं आहे. या कामातला सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त फरक देणारा खर्च हाच, असं माझं मत झालं आहे.

डिस्क टर्न करून (लेथवर घासून सपाट करून) वापरता येईल अशी आशा होती. भांडुपच्या लेथवाल्या काकांनी मायक्रोमीटर लावला आणि मान हलवली. "साहेब, ही टर्न केली तर मिनिममच्या खाली जाईल. मी लावणार नाही." डिस्कवरच किमान जाडी कोरलेली असते, तिच्या खाली जायचं नाही. एक सूचना: जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर लावला तर तो कडेच्या न झिजलेल्या कंगोऱ्यावर बसतो आणि जाडी जास्त दाखवतो. मायक्रोमीटरच हवा.

तेव्हा नव्या डिस्क, कंपनीच्या मापाच्या, साध्या. भोकं पाडलेल्या किंवा खाचा कापलेल्या नाहीत. रस्त्यावरच्या गाडीला भोकांचा फायदा फारसा नाही, आणि स्वस्त डिस्कला भोकांपासून तडे जातात. बसवण्याआधी हबचा (डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा) चेहरा वायर ब्रशने घासून चकचकीत केला. थरथर म्हटली की आपण डिस्क वाकली म्हणतो, पण बहुतेक वेळा डिस्क वाकडी बसलेली असते किंवा तिच्यावर पॅडचा थर असमान बसून जाडी कमीजास्त झालेली असते. हबवर गंजाचा एक कण राहिला तरी नवी डिस्क डोलते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत येते. डिस्क किती डोलते ते मोजणारा डायल गेज मित्राकडून आणला होता. दोन्ही बाजू ०.१ मिमीच्या आत आल्या.

पॅड ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून, बिल घेऊन. पॅडच्या पाठीवर किंवा कडेला छापलेल्या कोडमध्ये शेवटची दोन अक्षरं बघा. पहिलं साध्या तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं गरम झाल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. मी एफएफ घेतले. गार असताना आणि तापल्यावर एकाच पट्ट्यात राहणारा पॅड मला जास्त पकडीच्या पॅडपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण एबीएस नसलेल्या गाडीत पायाला अंदाज लागला पाहिजे. भारतात एबीएस सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या कितीतरी गाड्यांत ते काम आजही चालवणाऱ्याच्या पायालाच करावं लागतं.

मागच्या ड्रमकडे कोणी बघत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. ड्रम काढले तर उजव्या व्हील सिलिंडरचे (लायनरना ड्रमवर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरचे) रबरी कप पाझरत होते आणि लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारा थर, ऑइलने भिजलेला. भिजलेला लायनर घासून, जाळून वापरतात, तसं करू नये. दोन्ही बाजूंचे लायनर आणि दोन्ही सिलिंडर बदलले. ड्रमचा व्यास कमाल मापाच्या आत होता, काकांनी हलका हात मारून दिला. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावून, पाण्याने ओली करून पुसून घ्या. जोराच्या ब्रेकमध्ये वजन पुढे जातं हे खरं, पण मागचा वाटा थोडा असला तरी तो नीट मिळाला की पॅडल वर येतं. ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधली फट ठरवणारा भाग) बरोबर लावल्यावर तर पॅडलमधला फरक पुढच्या चाकांवरच्या सगळ्या कामापेक्षा जास्त जाणवला.

होज पाइप (चाकांपर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी नळ्या) चारही बदलले. जुने वाकवल्यावर रबरावर बारीक भेगा दिसत होत्या. स्टीलची जाळी असलेले पाइप घ्यायचे होते. ते दाबाखाली कमी फुगतात आणि पॅडल टणक होतं. पण चांगल्या सेटची किंमत ऐकून कंपनीचेच रबराचे घेतले. नव्या रबरानेही फरक पडतो. युनियन (पाइपांचे जोड) खोलायला फ्लेअर नटचा पाना वापरा, साध्या पान्याने कोपरे गोल होतात आणि मग लोखंडी पाइपच बदलावा लागतो.

आता ब्रेक ऑइल, ज्याबद्दल मला सर्वात कळकळीने सांगायचं आहे. ग्लायकॉलवर आधारलेलं ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या शहरात हवेत पाणी कमी कधी असतं? डॉट ३ या दर्जाच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवं असताना २०५ अंश सेल्सिअस, आणि ३.७ टक्के पाणी शिरल्यावर १४० अंश. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दबतो, आणि पॅडल जमिनीला लागतं. माझ्या टाकीतलं ऑइल चहाच्या रंगाचं झालं होतं. एक लिटर डॉट ४ पाचशेच्या आसपास येतं, आणि तेवढ्यात संपूर्ण फ्लश होतो, म्हणजे जुनं सगळं निघून नवं भरलं जातं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

पाइपांत अडकलेली एअर (हवा) काढताना मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात केली, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं. भाचा आत, मी चाकाजवळ.

"दाब. धरून ठेव."

"धरलंय, मामा."

"सोडू नकोस… हं, आता सोड."

जुन्या गाडीत पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरचं सील रोज जिथपर्यंत जातं त्याच्या पुढच्या भागात गंज असतो. पॅडल तळापर्यंत गेलं तर सील त्या गंजावरून घासतं आणि चांगला चाललेला सिलिंडर गळायला लागतो. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता.

नवे पॅड डिस्कवर घासून रुळवणं पुन्हा महाप्यालाच, पहाटे. ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता, मध्ये गार व्हायला वेळ देत, वास येईपर्यंत. मग ऐरोली पुलावरून ब्रेक शक्यतो न लावता घरी. गरम असताना पॅडल दाबून उभं राहायचं नाही, नाहीतर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो.

नंतर खंडाळ्याचा घाट. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत साधारण साडेपाचशे मीटर उतार. माणसांसकट १,२०० किलो धरले तर सुमारे ६५ लाख ज्यूल. ८० वरून एकदा थांबायला तीन लाख ज्यूल लागतात, म्हणजे हा घाट जवळजवळ बावीस जोरदार थांब्यांएवढा. जुन्या रस्त्याने तिसऱ्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. इंजिनाने यातला मोठा हिस्सा फुकट उचलला. खोपोलीला थांबून तापमान मोजलं तर दोन्ही डिस्क १३० अंशांच्या आसपास, एकमेकींत फार अंतर नाही. पिना मोकळ्या झाल्याचा हा पुरावा मला सर्वात आवडला. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर कमी आकडा दाखवतो. म्हणून डिस्कच्या मधल्या, पॅड न लागणाऱ्या भागावर उष्णतारोधक काळ्या रंगाचा ठिपका दिला आहे, त्यावर नेम धरतो.

आजची स्थिती: ओढणं बंद. थरथर बंद. पॅडल वर आणि टणक, आणि चाक लॉक व्हायच्या आधीची सीमा पायाला कळते. पंधरा हजारांतले थोडे उरले आहेत, ते हँडब्रेकच्या केबलला जातील. ती चढावर एका बाजूला कमी धरते.

पुढचा खर्च टायरचा, दिवाळीनंतर. सध्या १६५/८० आर १४ आहेत, त्याजागी स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलला, झेडएक्सआयला येत असे ते १८५/७० आर १४. बाहेरचा व्यास एका टक्क्याहूनही कमी बदलतो, त्यामुळे स्पीडोमीटर जवळजवळ तसाच राहील. ६० वरून थांबण्याचं अंतर आत्ताच्या टायरवर, कोरड्या आणि ओल्या रस्त्यावर, टेपने मोजून वहीत लिहून ठेवलं आहे. नवे टायर हजारेक किलोमीटर चालले की त्याच ठिकाणी पुन्हा मोजेन आणि दोन्ही आकडे एकत्र देईन.