हिरडा, अर्जुन आणि आमचा गाळा

आजोबा गिरगावात काष्ठौषधींच्या दुकानात नोकरीला होते. रात्री चाळीतल्या खोलीत ते आणि आजी हिरडे फोडत बसत. बी काढायची, टरफल ठेवायचं. हिरडा, बेहडा, आवळा समभाग. आमच्या त्रिफळा चूर्णाची सुरुवात ती.

हिरडा त्यांनी जुन्या व्यापाऱ्यांकडून पारखायला शिकला. इंग्रजांच्या काळात मुंबई बंदरातून हिरडा विलायतेला जायचा तो कातडी कमवायला. भीमली, जबलपुरी, राजपुरी ही त्याची बाजारातली नावं. कातडं टिकवणारं टॅनिन तेच आणि चूर्ण जिभेवर ठेवताच तोंड आखडवणारंही तेच, कारण ते प्रथिनांना धरून बसतं. म्हणून तुरटपणा नसलेला हिरडा आजोबा हातात घेत नसत.

वडिलांनी दळणयंत्र आणलं, मी गोरेगावात गाळा घेतला. तोवर अर्जुनसालीची मागणी वाढली होती आणि मी घाईत तयार भुकटी घेऊ लागलो. पुढच्या खेपेला अख्खी साल मागवली. पोतं उलटलं तर निम्मे तुकडे काळपट, मगरीच्या पाठीसारखे भेगाळलेले. ती ऐन या दुसऱ्याच झाडाची साल होती. अर्जुनाची साल बाहेरून गुळगुळीत, करडी, आतून गुलाबीसर. हिरडा, बेहडा, अर्जुन, ऐन सगळे टर्मिनॅलिया या एकाच वंशातले (जीनस), पण औषध म्हणून एकाच्या जागी दुसरा चालत नाही. पोतं परत केलं. आधीच्या भुकटीत काय होतं ते मला कधीच कळलं नाही. उरलेली सगळी टाकून दिली. ज्यांच्या घरी ती आधीच गेली होती, त्यांचा विचार अजून मनातून जात नाही. तेव्हापासून साल अख्खीच घेतो.

अर्जुनाचा क्षीरपाक, म्हणजे दुधातला काढा, कसा करायचा हे मी गिऱ्हाइकाला तोंडीच सांगतो: 1 भाग साल, 8 भाग दूध, 32 भाग पाणी, आटवून दूध उरेपर्यंत. सालीत अर्जुनोलिक आम्लासारखे ट्रायटर्पेनॉइड, म्हणजे वनस्पतींत सापडणारी एक प्रकारची संयुगं, आहेत, हृदयविकारावर छोट्या चाचण्याही झाल्यात. पण डॉक्टरांची गोळी बंद करून साल घेतो म्हणणाऱ्या काकांना मी पाकीट देत नाही. आधी डॉक्टरांना विचारून या, म्हणतो.

पावसाळ्यात मुंबईची हवा चूर्णाला लगेच गाठी आणते. म्हणून आषाढ-श्रावणात आम्ही साठा करत नाही. ऑर्डर आली की दळतो, दुसऱ्या दिवशी पोचवतो.