स्कोप उत्तर देतोय, पण कुठल्या प्रश्नाचं?

ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं त्याचा ग्राफ दाखवणारं उपकरण, कॉम्प्युटरवरून चालवायचा म्हटलं की सगळे आधी केबलचं विचारतात. यूएसबी लावू का लॅन, ड्रायव्हर कुठला, पायथॉनमध्ये होतं का. होतं की. आणि तो भाग सगळ्यात सोपा आहे, एका बैठकीत उरकतो. घोडं अडतं ते त्याच्या पुढे. स्कोप छान उत्तरं द्यायला लागतो, फाइलमध्ये आकडे पडायला लागतात, ग्राफही झकास दिसतो, आणि तो ग्राफ मागच्या मापाचा असतो. किंवा आत्ताचाच असतो पण व्होल्ट दहापट. समोर बसलेलो असताना या गोष्टी डोळ्याला लगेच खटकतात, हात आपोआप नॉबकडे जातो. लांबून हे होत नाही, उंटावरून शेळ्या हाकायच्या असतात, त्यामुळे डोळे जे फुकटात करत होते ते सगळं स्क्रिप्टमध्ये एकेक करून लिहावं लागतं. माझ्या मते रिमोट कंट्रोल म्हणजे ९० टक्के हेच काम आहे.

मग खुर्चीतून उठून नॉब फिरवायचा सोडून हा उद्योग कशाला? तर कधीतरी मध्यरात्री एकदाच येणारा ग्लिच (सिग्नलमधली क्षणभराची गडबड) पकडायला रात्रभर स्क्रीनकडे बघत कोण बसणार. टेम्परेचर चेंबरमध्ये बोर्ड ठेवलाय आणि प्रत्येक ५ अंशांना तेच माप घ्यायचंय, किंवा हाय व्होल्टेजचं काहीतरी आहे आणि जवळ उभं राहायची अजिबात इच्छा नाही, अशा वेळी.

जोडणीबद्दल थोडक्यात. ही सगळी भानगड एचपी कंपनीच्या एका बसपासून सुरू झाली, १९७५ मध्ये ती आयट्रिपलई ४८८ म्हणून स्टँडर्ड झाली, आपण तिला जीपीआयबी म्हणतो, तो एकावर एक चढवता येणारा जाडजूड कनेक्टर. १५ उपकरणं, एकूण २० मीटर केबल, एवढी तिची मर्यादा. मग १९९० मध्ये स्किपी आली, म्हणजे उपकरणांशी बोलायची साध्या टेक्स्टमधली भाषा, आणि आज केबल बदलली तरी बोलणं तेच आहे. यूएसबीवरून बोललात तर त्याला यूएसबीटीएमसी म्हणतात, लॅनवरून व्हीएक्सआय-११ किंवा हायस्लिप किंवा नुसतं सरळ सॉकेट. या सगळ्यांवर व्हिसा नावाचा एक थर असतो (बँकेचा नाही, दूतावासाचा पण नाही), पायथॉनमध्ये पायव्हिसा घेतलं की खालची केबल कुठली आहे याची फारशी फिकीर करावी लागत नाही.

दोनच ठिकाणी लोक अडकलेले दिसतात. लिनक्सवर यूएसबीने जोडलं की परमिशन नाही म्हणून एरर येते, त्याला यूडेव्हचा (कुठलं उपकरण कोणी वापरायचं ते ठरवणारा लिनक्सचा भाग) एका ओळीचा नियम लिहायचा, स्कोपचा व्हेंडर आयडी टाकून, बस. उगाच सगळं रूट म्हणून चालवत बसू नका. आणि लॅनवर व्हीएक्सआय-११ आधी पोर्ट १११ वर जाऊन चौकशी करतं आणि मग भलत्याच पोर्टवर बोलतं, त्यामुळे मध्ये फायरवॉल असेल तर गाडी तिथेच बंद पडते. स्कोपला हायस्लिप येत असेल तर तेच वापरा, त्याचा पोर्ट ठरलेला असतो, ४८८०. आणि राउटरमध्ये स्कोपचा आयपी पक्का करून टाका, नाहीतर सोमवारी सकाळी पत्ता बदललेला असतो आणि आपण केबल हलवत बसतो.

जोडलं की पहिला प्रश्न सगळेच विचारतात तो स्टार-आयडीएन-प्रश्नचिन्ह. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितेय, टाइप करताना मॅन्युअलमधलं स्पेलिंग बघा.) उत्तरात स्वल्पविराम देऊन चार गोष्टी येतात: कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, फर्मवेअर. हे उत्तर नुसतं बघून सोडू नका, प्रत्येक डेटा फाइलच्या वर चिकटवा. उद्या कोणी स्कोपची अदलाबदल केली किंवा फर्मवेअर अपडेट मारलं तर फाइलच बोलेल.

आता खरी मेख. स्कोपला तुम्ही सिंगल म्हणालात, म्हणजे एकदा ट्रिगर हो (ठरवलेली खूण सिग्नलमध्ये दिसली की माप घे) आणि थांब. मग लगेच विचारलंत थांबलास का. तो म्हणाला थांबलोय. तुम्ही डेटा ओढला. पण तो थांबलेला होता ते आधीच्या मापानंतर! सिंगल त्याच्यापर्यंत पोचली होती, अंमलात यायची होती, आणि तुमचा प्रश्न त्या फटीत जाऊन पडला. टेबलावर करून बघताना हे क्वचितच पकडलं जातं कारण सिग्नल तोच तोच असतो, मागचा ग्राफ काय आणि आत्ताचा काय. चेंबरमध्ये तापमान बदलायला लागलं की मग सगळे आकडे एका पायरीने मागे सरकलेले दिसतात आणि माणूस सर्किटला शिव्या घालतो.

यावर उपाय असा की आधी स्टेटस 'वेट' झालेला बघायचा, म्हणजे तो आता ट्रिगरची वाट बघतोय याची खात्री, आणि मगच ज्या गोष्टीचं माप घ्यायचंय ती सुरू करायची, पल्स सोडायची, रिले ओढायचा, जे काय असेल ते. त्यानंतर 'स्टॉप' येईपर्यंत थांबायचं. सिग्नल तुमच्या हातात नसेल, आपोआप येणारा असेल, तर वेट डोळ्यासमोरून निसटू शकतं कारण ट्रिगर लगेच होतो, मग निदान आधीचा डेटा पुसून टाकायची कमांड द्या, म्हणजे जुनं काही हाती लागायला नको. कीसाइट कंपनीच्या स्कोपमध्ये डिजिटाइझ नावाची कमांड आहे ती हे सगळं स्वतःच करते, माप पूर्ण होईस्तोवर पुढचं उत्तरच देत नाही, फार सोयीची आहे, फक्त ट्रिगर आलाच नाही तर तुमची स्क्रिप्ट टाइमआउटवर आपटते. पायव्हिसाचा टाइमआउट आपणहून २००० मिलिसेकंद असतो, हळू मापांना तो अजिबात पुरत नाही, वाढवा. आणि टाइमआउट झाल्यावर थेट पुढचा प्रश्न विचारू नका, कारण आधीचं उत्तर अजून पाइपात असू शकतं, मग तुम्ही विचारता फ्रिक्वेन्सी आणि मिळतो पीक व्होल्टेज, आणि तिथून पुढे सगळीच उत्तरं एकेक घर चुकलेली. आधी डिव्हाइस क्लिअर करा. सरळ सॉकेटवर ती सोय अशी हाताशी नसते, यूएसबी आणि व्हीएक्सआय-११ वर असते, म्हणून रात्रभर चालणाऱ्या कामाला मी नुसतं सॉकेट टाळते.

स्टार-ओपीसी-प्रश्नचिन्ह आहे ना मग, असं कोणीतरी म्हणेलच. आहे. काम झालं की १ असं उत्तर देते. पण ट्रिगरची वाट बघणं हे 'काम' धरायचं की नाही हे प्रत्येक स्कोपचं वेगळं, त्यामुळे तुमच्या मॉडेलवर प्रोब (सर्किटला टेकवायची स्कोपची वायर) काढून, ट्रिगर येणारच नाही अशी लेव्हल ठेवून एकदा विचारून बघा. तरीही तत्काळ १ आला तर त्या १ ला काही अर्थ नाही.

आणखी एक सवय: प्रत्येक सेटिंगनंतर सिस्टिम-एरर विचारायची. चुकीच्या स्पेलिंगची कमांड स्कोप मुकाट गिळतो, तुम्हाला काही कळवत नाही, नुसती उणे ११३ ची नोंद आत रांगेत टाकून ठेवतो. तुम्ही विचाराल तेव्हा सांगेल. तसंच २ मिलिव्होल्ट पर डिव्हिजन (स्क्रीनवरचा एक चौकोन म्हणजे एक डिव्हिजन) मागितलं आणि त्याने जवळचं दुसरंच काहीतरी लावलं हेही तो सांगायला येणार नाही. म्हणून जे सेट केलं ते परत वाचा, आणि गणितात वाचलेलं वापरा, मागितलेलं नाही. सॅम्पल रेटचंही तेच, दुसरा चॅनल चालू केला की बऱ्याच स्कोपमध्ये तो अर्धा होतो, तेव्हा दोन सॅम्पलमधला वेळ स्वतः भागाकार करून काढू नका, प्रिअॅम्बलमधला (डेटाबरोबर स्कोप देतो ती माहितीची यादी) एक्स-इन्क्रिमेंट घ्या.

प्रिअॅम्बलवरून आठवलं, व्होल्ट वर-खाली सरकलेले येण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं. स्कोपकडून बाइट येतात, साधे आठ बिटवाल्यांत ० ते २५५. त्याचे व्होल्ट करायला तीन आकडे मिळतात: इन्क्रिमेंट, ओरिजिन आणि रेफरन्स. रिगॉल कंपनीच्या पद्धतीत बाइटमधून ओरिजिन आणि रेफरन्स दोन्ही वजा करायचे आणि मग इन्क्रिमेंटने गुणायचं. कीसाइटमध्ये फक्त रेफरन्स वजा करायचा, गुणायचं, आणि ओरिजिन शेवटी मिळवायचा, कारण तिथे ओरिजिन व्होल्टमध्ये असतो आणि इकडे मोजणीत. नावं तीच, हिशोब वेगळा. ऑफसेट (शून्याची रेषा वर-खाली सरकवणं) शून्य असेल तर दोन्ही सूत्रांचं उत्तर एकच येतं, म्हणून कॉपी केलेला कोड पहिल्या दिवशी मस्त चालतो. तपासायचं तर मुद्दाम ऑफसेट देऊन, एखादं माहीत असलेलं डीसी व्होल्टेज लावून तपासा.

बाइटांच्या आधी एक छोटं शेपूट उलटं लागलेलं असतं: हॅश, मग ९, मग नऊ अंक, उदाहरणार्थ ०००००१२००. म्हणजे पुढच्या नऊ अंकांत लांबी लिहिलीय आणि लांबी १२०० बाइट. सॉकेट हाताने वाचणारे लोक इथे नवी ओळ येईपर्यंत वाचत राहतात आणि गंमत अशी की नव्या ओळीचा कोड १० आहे आणि १० हे एक सॅम्पलही असू शकतं. ० ते २५५ च्या मोजणीत १० म्हणजे अगदी तळ. त्यामुळे छोटा सिग्नल नीट येतो, मोठा खाली डुबकी मारणारा आला की वेव्हफॉर्म मध्येच तुटतो, आणि माणूस केबल बदलतो. लांबी वाचा, तेवढे बाइट मोजून घ्या, किंवा लायब्ररीतलं तयार फंक्शन वापरा. आणि आस्की फॉरमॅट (आकडे अक्षरांत लिहून पाठवणारा) घेऊ नका, एका बाइटच्या जागी डझनभर अक्षरं येतात, मिळत काहीच नाही. पूर्ण मेमरी हवी असेल तर एका दमात येत नाही, रिगॉलच्या १००० झेड मालिकेत एका वाचनात अडीच लाख बाइटची मर्यादा आहे, १ कोटी २० लाख सॅम्पल म्हणजे ४८ वेळा वाचणं, आणि तेही स्कोप थांबलेला असतानाच.

आठ बिट म्हणजे २५६ पायऱ्या, त्यातल्या या रिगॉलच्या स्क्रीनवर डिव्हिजनला २५. म्हणजे १ व्होल्ट पर डिव्हिजनवर एक पायरी ४० मिलिव्होल्टची. समोर असतो तेव्हा आपण न सांगता सिग्नल स्क्रीनभर करतो. लांबून तो एका डिव्हिजनमध्ये चिरडलेला राहिला तर रिपल (डीसीवरची बारीक लहर) मोजायला आपल्याकडे फक्त २५ पायऱ्या उरतात. माझ्या स्क्रिप्टमध्ये म्हणून आधी एक चाचणी कॅप्चर असतो, त्यात टोकाच्या किमतीचे सॅम्पल सापडले तर स्केल वाढवायची, पसारा दोन डिव्हिजनच्या आत असेल तर कमी करायची, मगच खरं माप. स्कोपचं ऑटोसेट वापरू नका, ते ट्रिगरपासून टाइमबेसपर्यंत सगळं आपल्या मनाने हलवतं. आणि स्कोपने आतच मोजलेली फ्रिक्वेन्सी वगैरे घेत असाल तर सिग्नल नसताना ९.९ गुणिले १० चा ३७ वा घात असला आकडा येतो, हे 'मोजता आलं नाही' असं सांगायची पद्धत आहे. सरासरीत घुसला तर काय होईल ते सांगायला नको.

अर्थिंगचं मात्र नीट वाचा. प्रोबची ग्राउंड क्लिप स्कोपच्या बॉडीला आणि तिथून अर्थला जोडलेली असते, हे ऐकून असाल. यूएसबी लावली की त्यात कॉम्प्युटरही येतो, आणि तुमचा बोर्डही त्याच कॉम्प्युटरच्या यूएसबीवर असेल तर ग्राउंडचा लूप तयार, स्क्रीनवर जो कचरा दिसतो तो सर्किटचा नसतोच. लॅनच्या पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मर असतात, तो लूप तुटतो, फक्त केबल शिल्डवाली घेऊ नका नाहीतर शिल्ड तोच लूप परत जोडते. मला विचाराल तर लॅनचं खरं कारण हे आहे, अंतर नाही.

पण लॅन म्हणजे इंटरनेट नव्हे. स्किपीच्या सॉकेटला बहुधा पासवर्ड नसतो, पोर्ट माहीत असलेला कोणीही रिसेट पाठवू शकतो. राउटरवर पोर्ट उघडू नका, घरून करायचं तर व्हीपीएन किंवा एसएसएच टनेल.

इतकं करूनही प्रोबपर्यंत आपला हात पोचत नाही. प्रोबवरचा एक्स-१ आणि एक्स-१० चा बारका खटका कुठलीही कमांड हलवत नाही. चॅनलचा प्रोब रेशो १० करा म्हटलं की स्कोप फक्त गुणाकार बदलतो, खटका १ वर असेल तर दहापट व्होल्ट अगदी आत्मविश्वासाने दाखवेल. काही प्रोबना कनेक्टरवर एक जास्तीची पिन असते तिच्यावरून स्कोप रेशो ओळखतो, पण तसे प्रोब बहुतेक खटका नसलेले. त्यामुळे मी चौथा चॅनल कायम स्कोपच्याच कॅलिब्रेशनच्या हुकाला लावून ठेवते, तिथे साधारण १ किलोहर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह असतो आणि त्याचं व्होल्टेज मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. स्क्रिप्ट सुरू झाली की आधी तो मोजते, फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज जुळलं तर पुढे, नाहीतर मेल टाकून गप्प बसते. बाकीच्या तीन प्रोबच्या खटक्यांची यातून हमी मिळत नाही, पण कमांड, ट्रिगर, स्केल आणि ते व्होल्टचं सूत्र एवढी अख्खी साखळी एका झटक्यात तपासून होते. दोनच चॅनलचा स्कोप असेल तर हे परवडत नाही, मग माप सुरू करायच्या आधी लॅबमध्ये असलेल्या कोणालातरी फोन करून एक प्रोब तिथे टेकवायला सांगायचा आणि खटके १० वर आहेत ना तेही वाचून घ्यायचं.