वर्गणीतून वेब सिरीज: हातात किती उरतं?

अमेरिकी लेखिका-अभिनेत्री इसा रे यांच्या ‘ऑकवर्ड ब्लॅक गर्ल’ या वेब सिरीजसाठी २०११ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर १,९६० लोकांनी मिळून ५६,२६९ डॉलर दिले. माणशी २९ डॉलरसुद्धा नाहीत. एका कृष्णवर्णीय मुलीच्या रोजच्या अवघडलेपणासाठी लोक स्वतःच्या खिशात हात घालतात, हे त्यातून दिसलं. मात्र पहिले भाग त्याआधीच यूट्यूबवर होते. निदान एक भाग दाखवल्याशिवाय मागायला जाऊ नका.

आता हिशेब. ४०० जणांकडून १०,००० डॉलर जमले, तर किकस्टार्टरचे ५ टक्के म्हणजे ५०० गेले. पेमेंटचे ३ टक्के आणि प्रत्येकी २० सेंट धरून आणखी ३८० जातात. उरले ९,१२०. त्यात काही कार्डं नाकारली जातात, ते वेगळंच. उद्दिष्टाला एक डॉलर जरी कमी पडला तरी काहीच मिळत नाही, म्हणून आकडा बेताचाच ठेवा.

खरी गळती वर्गणीदारांना पाठवायच्या भेटवस्तूंत होते. देणारे ब्रुकलिन, लंडन, घानातलं आक्रा असे विखुरलेले असतात आणि टी-शर्टपेक्षा त्याचं टपालच महाग पडतं. त्यापेक्षा पटकथेची पीडीएफ द्या, श्रेयनामावलीत नाव द्या.

सिरीजमध्ये अफ्रोबीट्सचं (पश्चिम आफ्रिकी पॉप संगीताचं) गाणं वापरायचं असेल तर रचना आणि ध्वनिमुद्रण, दोन्हींचे हक्क लेखी घ्या, तेही शूटिंगच्या आधी.