आधी दार, मग स्पीकर

आमच्या स्विफ्टचे कंपनीचे स्पीकर अगदीच टाकाऊ होते असं नाही. एफएमवरची बडबड ऐकायला चालून जायचे. पण तबला लावला की डग्गा गायब! तबल्याच्या कडेची चाट तेवढी टिकटिक वाजायची आणि जिथे मनगट दाबून काढलेली मींड घुमायला हवी, तिथे दाराचं प्लास्टिक खरखरायचं. शाळेत असताना तबला शिकले होते. हात केव्हाच गेला, कान तेवढा राहिला. आणि हडपसर ते बाणेर रोज जाऊन-येऊन करणाऱ्या माणसाला गाडीतला आवाज ही चैन वाटत नाही.

नाना पेठेत चौकशीला गेले. नवरा फक्त पार्किंग मिळवून द्यायला सोबत होता, पण दुकानदार सगळं त्यालाच सांगत होता. "सर, हे घ्या, साडेतीनशे वॅट, काच हलंल." मी विचारलं, "आरएमएस किती?" म्हणजे सतत झेपेल अशी खरी ताकद. तर उत्तर परत सरांनाच: "मॅडमसाठी लाल जाळीवाले पण आहेत." आम्ही निघालो.

हे वॅटचं प्रकरण एकदा कागदावर मांडून बघाच. चालू गाडीत साधारण 14.4 व्होल्ट मिळतात, स्पीकर असतो 4 ओमचा. 14.4 चा वर्ग भागिले 4, म्हणजे जवळपास 52. स्टिरिओच्या खोक्यावर जे "50 वॅट गुणिले 4" (चार स्पीकरसाठी) छापलेलं असतं ते इथून येतं. पण तो आवाज पार फाटल्यावरचा आकडा. स्वच्छ आवाजात त्याच्या निम्मेही मिळत नाहीत, वीसच्या आसपास धरून चाला. एवढ्यावर साडेतीनशेवाला स्पीकर लावून काय मिळणार? वेगळा अँप्लिफायर बसवायचा नसेल तर सेन्सिटिव्हिटी बघायची, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो ते. 89 डेसिबलच्या स्पीकरला जेवढी ताकद लागते, तिच्या निम्म्यात 92 वाला तेवढाच आवाज देतो. हा आकडा खोक्याच्या मागे बारीक अक्षरात असतो, चष्मा घेऊन जा.

पुढच्या दारांसाठी साडेसहा इंची कंपोनंट सेट घेतला, त्यात ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, वेगळा येतो. कोअ‍ॅक्सिअल स्वस्त पडतात आणि बसवायलाही सोपे, पण त्यांचा ट्वीटर स्पीकरच्याच पोटात, म्हणजे दारात खाली. मग गाणारा आपल्या नडगीपाशी बसून गातोय असं वाटतं. कंपोनंटचा ट्वीटर आरशाच्या आतल्या बाजूच्या त्रिकोणी प्लास्टिकवर बसवला आणि आवाज डॅशबोर्डवर आला. समोरच्या काचेवर आपटून तो थोडा टोचतो, म्हणून क्रॉसओव्हरवरचं (बारीक आणि जाड सूर वेगळे करून वाटणारी डबी) बटण कमीवर ठेवलंय.

बसवून घेतलं घराजवळच्या एका दादांकडून. ते दारं उघडून दाखवतात आणि प्रश्न विचारलेला त्यांना चालतो, एवढी लायकी मला पुरली.

दाराचं आतलं पॅनेल काढलं की कळतं, आपण स्पीकर एका भोकाभोकाच्या पत्र्यावर टांगतोय. स्पीकरचा पडदा पुढे ढकलतो तेव्हा मागे ओढतही असतो. मागची हवा त्या भोकांतून पुढे आली की दोघं एकमेकांना खाऊन टाकतात, आणि सगळ्यात आधी बळी जातो खर्जाचा. म्हणून दादांनी बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइलची (चिकट रबराची, थरथर मारणारी) शीट रोलरने दाबून चिकटवली. नंतर आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद केली. पत्र्यावर बोटाने टिचकी मारून बघितली, आधी 'टण्ण' यायचं, आता 'ठप'. दोन दारांच्या शीटचा खर्च स्पीकरच्या निम्म्याच्या आसपास गेला. नवऱ्याच्या मते डांबराच्या पट्ट्यांना एवढे पैसे कोणी देतं का. पण दोन्हींतलं एकच परवडत असेल तर मी आधी शीट लावीन, तेही कंपनीच्याच स्पीकरना.

पाण्याचं भान मात्र ठेवा. खिडकीच्या काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं बुजवायची नाहीत. स्पीकरखालची रिंग साध्या एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) असेल तर दोन पावसाळ्यांत फुगते, मी प्लास्टिकची मागितली. रिंग जाड हवी, नाहीतर खाली येणारी काच मॅग्नेटला घासते. दादांनी पॅनेल लावायच्या आधीच काच पूर्ण वर-खाली करून दाखवली. कंपनीची वायर कापू दिली नाही, तिच्या सॉकेटात बसणारे जोड, म्हणजे कपलर, लावून घेतले.

मग त्यांनी खिशातून घड्याळाचा सेल काढला. दीड व्होल्टचा तो सेल स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवायचा. प्लसला प्लस असेल तर पडदा बाहेर येतो. एका बाजूची वायर उलटी लागली तर दोन्ही स्पीकर वाजतात, बिघाड दिसत नाही, फक्त खर्ज पातळ होतो आणि गाणारा मधोमध न बसता कुठेतरी विरघळतो.

मागच्या ट्रेवर सहा बाय नऊचे ओव्हल लावायचा आग्रह सगळ्यांनी केला. हॅचबॅकचा ट्रे डिकीबरोबर उचलला जातो, गावी जाताना सामानासाठी काढूनच ठेवावा लागतो, आणि करकचून ब्रेक मारल्यावर ते दोन जड मॅग्नेट पोरांच्या डोक्यामागे मला नको होते. मागच्या दारांत कंपनीचेच ठेवलेत, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारी सेटिंग) पुढे सरकवलाय.

आता डग्गा ऐकू येतो. छातीत धडधडणारा बेस नाही, त्याला सीटखाली सबवूफर हवा. पण 'धा' आणि 'ना' यांच्यातला फरक आता सिग्नलला उभं असतानाही कळतो. उलट जुनी काही रेकॉर्डिंग्ज आधी बरी वाटायची, त्यांचा घोगरेपणा उघडा पडलाय. तेही चालेल.

कंपनीचे काढलेले दोन्ही स्पीकर माळ्यावर आहेत. नवरा म्हणतो भंगारात दे. पण वायर कापलेली नाही, गाडी विकताना तेच परत बसवीन आणि हे नव्या गाडीत घेऊन जाईन. दाराची शीट मात्र निघणार नाही, ती पुढच्या मालकाला फुकट.