१५ तास, ६१ मतं

२०२५ च्या नोव्हेंबरात इथल्या ब्रिटिश सरकारने जाहीर केलं की 'पोलीस अँड क्राइम कमिशनर' हे लोकांनी निवडून द्यायचं पद २०२८ च्या मे महिन्यात, सध्याच्या लोकांची मुदत संपली की, बंद करणार. आमच्या ऑफिसात त्यावर दोन मिनिटंसुद्धा कुणी बोललं नाही. एकीने चहात दूध घालता घालता विचारलं, "ते अजून असतं का?" झालं, विषय संपला. मला मात्र एकदम २१ ऑगस्ट २०१४ चा तो हॉल आठवला, फरशीच्या पॉलिशचा वास, आणि समोर टेबलावर काळी प्लॅस्टिकची मतपेटी जिच्यात दुपारपर्यंत एवढीच मतं पडली होती की हलवली असती तर खुळखुळली असती. म्हटलं लिहूनच काढू.

मी कॉव्हेंट्रीला राहते, कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या महापालिकेत, नोकरी करते. इलेक्शन असलं की स्टाफला मतदान केंद्रावरच्या पोल क्लार्कची ड्युटी विचारतात, दिवसाचे वेगळे पैसे मिळतात, म्हणून मी हो म्हणायचे. (तेव्हा माझा पासपोर्ट भारताचाच होता. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक इथे रीतसर राहत असेल तर त्याला मतदान करता येतं, कायम राहायची परवानगी असेल तर उभंसुद्धा राहता येतं, हे इथे येऊन दहा दहा वर्षं झालेल्या आपल्या मंडळींनाही माहीत नसतं.)

तर हे पद काय होतं ते आधी सांगते, कारण नाव ऐकून आपल्या माणसाला वाटतं पोलीस कमिशनर म्हणजे मुंबईचा असतो तसा वर्दीतला साहेब. तसं नाही. हा राजकारणातला माणूस, वर्दी नाही, काठी नाही, कुणाला अटक करा म्हणून सांगायचा अधिकारही नाही. पण पोलिसांचं बजेट ठरवणार, घरपट्टीत पोलिसांसाठी किती घ्यायचे ते ठरवणार, आणि वर्दीतला जो सगळ्यात मोठा साहेब, चीफ कॉन्स्टेबल, त्याला नेमणार आणि वेळ पडली तर काढणार. आधी हे काम पोलीस ऑथॉरिटी नावाची कमिटी करायची, साधारण १७ जण, निम्म्याच्या वर नगरसेवक आणि बाकी नेमलेले, आणि त्यातल्या एकाचंही नाव कुणाला सांगता आलं नसतं. म्हणून २०११ चा कायदा करून २०१२ च्या नोव्हेंबरात लंडन सोडून इंग्लंड आणि वेल्समधे ४१ जागी थेट निवडणूक घेतली. टर्नआउट १५ टक्के. वेल्समधे न्यूपोर्टच्या बेटूस भागात एका केंद्रावर तर दिवसभरात एकही माणूस फिरकला नाही. शून्य. आम्हा ड्युटीवाल्यांत ते न्यूपोर्ट म्हणजे भुताच्या गोष्टीसारखं झालं होतं.

आमचे, म्हणजे वेस्ट मिडलंड्सचे, कमिशनर बॉब जोन्स १ जुलै २०१४ ला अचानक वारले. गंमत म्हणजे, गंमत कसली, पण हे गृहस्थ हे पद निर्माण करण्याच्याच विरोधात होते आणि तरी निवडून आले होते. त्यांच्या हाताखाली डेप्युटी होत्या, पण उरलेली मुदत डेप्युटीने पुरी करावी अशी सोय कायद्यातच नव्हती, पोटनिवडणूक घ्यायचीच. म्हणजे बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री, वुल्व्हरहॅम्प्टन धरून सात कौन्सिलचा एरिया, खर्च तीस लाख पौंडांच्या वर, आणि तारीख आली ऐन ऑगस्टमधली, शाळांना सुट्टी, अर्धं गाव स्पेनला.

सकाळी सव्वासहाला पोचले. प्रिसायडिंग ऑफिसर बाई रिटायर्ड शिक्षिका, कित्येक इलेक्शनं काढलेली, येताना क्रॉसवर्डचं पुस्तक आणि गाजराचा केक घेऊन आलेली. बूथ उभे केले, पेन्सिली दोरीने बांधल्या, सातला पेटी उघडून रिकामी आहे हे हजर असलेल्या लोकांना दाखवायचं असतं, हजर कुणीच नव्हतं म्हणून आम्ही ती एकमेकींना दाखवली आणि सील केली. बाई म्हणाली, "एक तरी येऊ दे गं, नाहीतर आपलं न्यूपोर्ट होईल."

सात चाळीसला एक माणूस कुत्रा घेऊन आला. आम्हाला इतका आनंद झाला की विचारू नका. मी पट्टी लावून यादीतलं नाव खोडलं, बॅलटच्या नंबरापुढे त्याचा नंबर लिहिला, अगदी सगळं सावकाश, कारण पुढचा कधी येणार काय माहीत.

माझी बहीण त्याच वर्षी एप्रिलात लोकसभेला साताऱ्याकडे उन्हात दोन तास रांगेत उभी होती, बोटाच्या शाईचा फोटो पाठवला होता तिने. आणि इथे थंडगार हॉलमधे खुर्ची, पाणी, रॅम्प, नीट न दिसणाऱ्यांसाठी मोठ्या अक्षरातला नमुना, सगळं तयार, फक्त माणूस नाही. अकरा वाजेपर्यंत ९ मतदार झाले आणि बाळांचा ग्रुप आज भरणार आहे का हे विचारायला आलेल्या आया १२. त्यातल्या एकीला बाईने गोडीत विचारलं, आलीच आहेस तर मत देऊन जा की. ती म्हणाली, कशासाठी आहे? बाईने सांगितलं. ती म्हणाली, "पण मला पोलिसातलं काय कळतं?" आणि बाबागाडी वळवून निघून गेली.

हे वाक्य मी त्या दिवशी वेगवेगळ्या तोंडून सात-आठ वेळा ऐकलं. आळशीपणा नव्हता तो, हे मला तिथे बसूनच कळलं, बाहेरून मीही आळशीच म्हटलं असतं. लोकांना खरंच वाटत होतं की जे माहीत नाही त्यावर मत देणं बरं नाही. आणि माहीत होणार कुठून? खासदारकीला प्रत्येक उमेदवाराचं पत्रक पोस्टाने फुकट घरोघर जातं, या निवडणुकीला सरकार तो खर्च करत नव्हतं, माहिती हवी तर वेबसाइटवर बघा. दारात आलेल्या म्हाताऱ्या आजोबांना सांगायचं वेबसाइट बघा! एक आजोबा तर बूथमधून बॅलट तसाच उघडा फडकवत आले, त्यावर आडवं काहीतरी लिहिलेलं, मोठ्याने म्हणाले, पोलिसात राजकारण नको, लाख पौंड पगार कशाला द्यायचा याला. बाई शांतपणे, "सर, घडी घाला आणि पेटीत टाका." टाकला. तो मोजणीत बाद झाला असणार, पण ते आले होते, दोन बस बदलून आले होते.

दुपारी एक ते चार मधे मी जांभया देत बसले आणि मला मामा आठवला.

माझा मामा पाटण तालुक्यात पोलीस पाटील होता. पोलीस पाटलाला गाव निवडत नाही, प्रांतसाहेब नेमतात. सरपंच निवडून येतो. लहानपणी मला वाटायचं मामाचं पद कमी दर्जाचं, कारण सरपंचाची मिरवणूक निघायची, गुलाल असायचा, मामाचं काय, एक वही आणि रात्री-अपरात्री दारावर थाप. बांधावरून मारामारी, नदीत कोण वाहून गेलं, विहिरीवर पंचनामा, की चल पाटला. त्याला मी एकदा विचारलेलं की तू निवडणूक का नाही लढवत. तो म्हणाला, "मला मत मागायला जावं लागत नाही म्हणून मी दोन्ही भावकीत चहा पितो." तेव्हा मला ते पळपुटं उत्तर वाटलं होतं. त्या हॉलमधे, समोर चार उमेदवार आणि चारही पक्षाचे, लेबर, कॉन्झर्व्हेटिव्ह, लिबडेम, यूकिप, तेव्हा तो चहा वेगळाच आठवला.

पण लगेच दुसरं मन म्हणालं की बाई गं, सगळेच नेमलेले मामासारखे नसतात. आपल्याकडे २००६ ला सुप्रीम कोर्टाने प्रकाश सिंग केसमधे सांगितलं की पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण करा, महाराष्ट्रात ते कायद्यात यायला २०१४ उजाडलं, तिथे निवृत्त न्यायाधीश वगैरे मोठी माणसं नेमतात. तुमच्या गल्लीत दहा जणांना विचारा त्याचं ऑफिस कुठंय. निवडलेला माहीत नाही आणि नेमलेलाही माहीत नाही.

साडेपाचच्या सुमाराला कोपऱ्यावरच्या दुकानाचा गुजराती मालक आला. मी त्याच्याकडून कोथिंबीर घ्यायचे, पण ड्युटीवर ओळख दाखवायची नाही म्हणून नाव-पत्ता रीतसर विचारला. त्याने नाव सांगितलं आणि खिशातून दुकानाच्या बिलाचा एक तुकडा काढून टेबलावर, माझ्या यादीच्या शेजारी ठेवला. मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनने तीन लांबलचक नंबर, एकाखाली एक. दिवाळीपासून दुकान तीनदा फुटलं होतं. तिन्ही वेळा पोलिसांनी क्राइम नंबर दिला, इन्शुरन्ससाठी लागतो तो, आणि पुढे कुणी आलं नाही. हिंदीत मला म्हणाला, बेन, या चारातला कोण या नंबरांचं उत्तर देणार तेवढं सांग, त्याला देतो.

काय सांगणार? आम्हाला उमेदवारांबद्दल अवाक्षर काढता येत नाही. आणि खरं सांगायचं तर कुणीच देणार नव्हता, कारण कमिशनर एकेका केसमधे हात घालू शकत नाही, तशी शपथच घेतो तो. पण हेही मी सांगायचं नसतं. बाईने नेहमीचं वाक्य म्हटलं, आम्हाला फक्त मत कसं द्यायचं ते सांगता येतं. तो म्हणाला बरं, तेच सांगा.

तेव्हा बॅलटवर दोन रकाने असायचे, पहिली पसंती आणि दुसरी पसंती. सकाळपासून निम्म्या लोकांचा तिथेच गोंधळ, काही जणांना वाटायचं दोन्हीकडे फुली मारली नाही तर मत फुकट. मी सांगितलं, पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत आणि तुमचा माणूस पहिल्या दोनात नाही, तर तुमची दुसरी फुली बघतात. तो म्हणाला, "म्हणजे गिऱ्हाइकाला हवा तो चहा नसला तर दुसरा देतो तसं." अख्ख्या दिवसात मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं स्पष्टीकरण. मग बूथमधे गेला आणि सात-आठ मिनिटं बाहेर आला नाही. चार नावं वाचायला एवढा वेळ लागत नाही. बाई क्रॉसवर्ड खाली ठेवून तिकडे बघत राहिली. शेवटी आला, घडी घातलेला पेपर पेटीत टाकला, बिलाचा तुकडा उचलून परत खिशात ठेवला, नीट, नोट ठेवतात तसा, आणि गेला.

मला वाटतं दिवसभरात कुठल्या उमेदवाराला खरोखर काही विचारायचं होतं असा तो एकटाच होता. आणि त्याच्यासाठी तीस लाख पौंड फार झाले असं म्हणायला माझी जीभ अजूनही उचलत नाही.

रात्री दहाला दार लावलं. ६१ मतं, यादीत नावं हजाराच्या आसपास, त्यातली काही पोस्टलवाली. पेपरांचा हिशोब पहिल्या झटक्यात जुळला, न जुळायला होतं काय. अख्ख्या वेस्ट मिडलंड्सचा टर्नआउट जेमतेम १० टक्के लागला. लेबरचे डेव्हिड जेमिसन पहिल्याच फेरीत निम्म्याच्या वर गेले, म्हणजे मी दिवसभर समजावलेला दुसरा रकाना कुणी मोजलासुद्धा नाही.

आणि बरोबर पाच दिवसांनी, २६ ऑगस्टला, साउथ यॉर्कशायरमधल्या रॉदरहॅम गावाचा चौकशी रिपोर्ट आला. सोळा वर्षांत अंदाजे १४०० मुलामुलींचं लैंगिक शोषण आणि कौन्सिल, पोलीस दोघांचंही दुर्लक्ष. तिथला कमिशनर शॉन राइट, तो आधी त्याच कौन्सिलमधे मुलांच्या विभागाचा प्रमुख नगरसेवक होता, २००५ ते २०१०. होम सेक्रेटरीने, म्हणजे इथल्या गृहमंत्र्यांनी, सांगितलं जा, पंतप्रधानांनी सांगितलं जा, त्याच्याच पक्षाने सांगितलं जा, तो पक्ष सोडून बसला पण खुर्ची सोडेना, आणि त्याला काढायचा अधिकार कायद्याने कुणालाच नव्हता, कारण तो लोकांनी निवडलेला. पंधरा टक्क्यांनी मतदान केलेल्या निवडणुकीत निवडलेला! तीन आठवडे हे चाललं, १६ सप्टेंबरला गेला एकदाचा. मामाने असं काही केलं असतं तर गाव दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन प्रांताच्या दारात बसलं असतं. माझा निवडणुकीवरचा भाबडा विश्वास उडाला तो त्या तीन आठवड्यांत, ६१ मतांनी नव्हे. मत कमी पडलं हे एक वेळ चालेल, पण दिलेलं मत मधेच परत मागायची सोय नाही म्हणजे काय.

आता पद जाणार, काम जिथे मेयर आहे तिथे शक्यतो मेयरकडे, नाहीतर कौन्सिलच्या पुढाऱ्यांच्या बोर्डाकडे. म्हणजे फिरून जवळपास त्या कमिटीकडेच आलो. मला याचं दुःख नाही, पण आनंद करावा असंही काही दिसत नाही.

२०२४ च्या मे मधे मी पुन्हा ड्युटीवर होते. कौन्सिल, मेयर आणि कमिशनर असे तीन पेपर एकदम, त्यामुळे रांग होती चक्क. आता ओळखपत्र दाखवावं लागतं. तो दुकानवाला आला, केस पांढरे झालेले, पासपोर्ट दाखवला, तिन्ही पेपर घेतले आणि कमिशनरचा पेपर माझ्यासमोर धरून म्हणाला, "बेन, दुसरा रकाना कुठे गेला?"

मी सांगितलं, कायदा बदलला, काढला तो. त्याने पेपर उलटा करून मागची बाजूसुद्धा बघून घेतली.